दुपारी बारा ते चार

बहरीनमध्ये भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला 2007 पासून बंदी आहे. आधी ती जुलै-ऑगस्टपुरती होती. 2025 मध्ये ती 15 जून ते 15 सप्टेंबर अशी तीन महिन्यांची झाली. उन्हाची धग किती वाढली, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची.

पण ही धग सगळ्यांना सारखी लागत नाही. एसी गाडीतून एसी कचेरीत जाणाऱ्याला ती बातमीत भेटते, परांचीवरच्या भारतीय, बांगलादेशी, नेपाळी कामगाराला अंगावर. हवामान न्यायाचा प्रश्न तो हाच. आणि तो अहवालापेक्षा रंगमंचावर लवकर भिडतो, असं माझं ठाम मत आहे.

बहरीनला रंगभूमी नवी नाही. 'अवाल' ही नाट्यसंस्था 1970 ची, 'सवारी' 1991 ची; 2012 मध्ये मनामात राष्ट्रीय नाट्यगृह उभं राहिलं. विषयही दाराशीच आहे. मनामाजवळच्या अधारी झऱ्याचं पाणी पाटांनी दूरच्या खजुराच्या बागांना जायचं. अधारी लांबच्याला पाजतो आणि जवळच्याला विसरतो, अशी तिथली म्हणच आहे. भूजलाचा उपसा वाढला, झरा आटला, आणि आज बेटाची तहान मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून भागते. त्या एका म्हणीत अख्खं नाटक दडलेलं आहे. वास्तुकारांनी उन्हाचा विषय आधीच हाती घेतला: व्हेनिसच्या 2025 च्या वास्तुकला बिनालेत उघड्यावरच्या जागा थंड ठेवण्याचा विचार मांडणाऱ्या बहरीनच्या दालनाला 'सुवर्णसिंह' पुरस्कार मिळाला.

जगभरात 'क्लायमेट चेंज थिएटर ॲक्शन' हा उपक्रम 2015 पासून दर दोन वर्षांनी, हवामान परिषदेच्या सुमारास होतो. देशोदेशीच्या नाटककारांकडून पाचेक मिनिटांच्या नाटिका लिहून घेतात. त्या कुणीही, कुठेही कराव्यात. ब्राझीलचा रंगकर्मी ऑगुस्तो बोआल याची रीत याहून थेट. समजा, प्रवेश असा आहे: कामगाराला भोवळ येतेय, मुकादम म्हणतो, "एवढा स्लॅब होऊ दे." इथे नाटक थांबतं. प्रेक्षकांतला एक उठतो, कामगाराच्या जागी उभा राहतो आणि स्वतःचं उत्तर बोलून बघतो. मग दुसरा उठतो. साइटवर जे तोंडातून निघत नाही, त्याची ही तालीमच.

ज्याचं दुःख त्यानेच उभं राहून सांगायचं, हे मराठीनेही केलंय. अतुल पेठे यांच्या 'सत्यशोधक'मध्ये पुणे महापालिकेचे सफाई कामगार रंगमंचावर आले. हरीश इथापे यांच्या 'तेरवं'मध्ये विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः उभ्या राहिल्या. पावसाने दगा दिला की कर्ज कुणाच्या गळ्याशी येतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

आखातात मराठी मंडळी गणेशोत्सवात एकांकिका करतात, हौसेने आणि छान करतात. त्यांना एवढीच विनंती: पुढच्या वर्षी एक पाच मिनिटांची नाटिका उन्हावर लिहा. ती मराठी-हिंदी मिश्र चालेल, कारण साइटवरची बोलीही मिश्रच असते. पात्रं कामगारांच्या कॅम्पमधून निवडा आणि पहिला प्रयोग तिथेच, सुट्टीच्या शुक्रवारी करा.