संगणकाचा परवाना : यंत्राचा की धन्याचा?

धार असो वा देवास, आमच्या व्यापारी बांधवांच्या पेढीवरील रोजकीर्द व खतावणी आता बहुधा संगणकावरच उतरते. यंत्र मंदावले, हार्ड डिस्क निकामी झाली किंवा व्हायरस शिरला, की दुरुस्ती करणारा सांगतो, "शेटजी, विंडोज नव्याने टाकावी लागेल." तेव्हा प्रश्न उभा राहतो तो परवान्याचा : जुना चालेल की नवा घ्यावा? नीट माहिती नसल्यामुळे कोणी एकदा मोजलेले दाम पुन्हा मोजतो, तर कोणी स्वस्ताच्या मोहाने चोरीची प्रत पेढीवर आणतो. ही दोन्ही नुकसाने टळावीत, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय येथे मांडीत आहो.

विंडोजसाठी आपण जे दाम देतो ते वस्तूचे नसून वापराच्या हक्काचे असते. हा हक्क मुख्यतः दोन प्रकारचा. यंत्र विकत घेतानाच निर्मात्याने आत घालून दिलेला तो 'ओईएम' परवाना. आणि यंत्राखेरीज स्वतंत्रपणे विकत घेतलेला तो 'रिटेल' परवाना. पडद्यावर दोहोंचे रूप एकच. देवासच्या वाचकांना हे नवल वाटू नये. तेथे एकाच नगरात १९४८ पर्यंत थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली. नगर एकच दिसे, पण अंमल निरनिराळा होता. परवान्याचेही तसेच आहे. भेद रूपात नाही, अधिकारात आहे.

ओईएम परवाना हा दुकानाच्या भिंतीत बांधलेल्या कपाटासारखा असतो. दुकान बदलले तरी कपाट भिंतीतच राहते. रिटेल परवाना हा तिजोरीसारखा. धनी जाईल तिकडे ती नेता येते. मात्र एक तिजोरी एका वेळी एकाच जागी असते, त्याप्रमाणे रिटेल परवानाही जुन्या यंत्रावरून काढल्यावरच नव्यावर वापरावयाचा असतो.

आता 'यंत्र' म्हणजे नेमके काय? हार्ड डिस्क बदलली, रॅम वाढविली, तरी ओईएम परवाना शाबूत राहतो. तो बांधलेला असतो मदरबोर्डाशी. मदरबोर्ड बिघडल्यामुळे निर्मात्याने त्याच जातीचा दुसरा बसवून दिला, तर हक्क टिकतो. आपण हौसेने अधिक चांगला बसविला, तर ते नवे यंत्र ठरते व नवा परवाना लागतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मोठे निर्माते परवान्याची किल्ली मदरबोर्डावरील चिपमध्येच साठवितात. म्हणून अशा यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर किल्ली विचारली जात नाही. मात्र होमच्या जागी होम व प्रोच्या जागी प्रोच टाकावी. होमचा परवाना असताना दुरुस्तीवाल्याने प्रो टाकून दिली, तर तो हक्क लागू होत नाही.

तेव्हा यंत्र पुसण्यापूर्वी पुढील कामे उरकावीत. पहिले, हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. दुसरे, आज्ञेच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरपी रेघ व 'डीएलआय' असे लिहावे. परवाना ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम, हे उत्तरात दिसते. तिसरे, टॅलीसारख्या हिशेबप्रणालीचा परवाना निराळा असतो. तो आधी रीतसर 'सरेंडर' करावा. विंडोज १० व ११ टाकण्याची सामग्री मायक्रोसॉफ्टकडून विनामूल्य मिळते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्यास पुरतो, आणि दोन्ही प्रकारच्या परवान्यांस तीच सामग्री चालते.

निवड कशी करावी? नामांकित कंपनीचे तयार यंत्र असेल आणि तेच पुढे वापरावयाचे असेल, तर आतला ओईएम परवाना पुरेसा आहे. नवा घेणे म्हणजे दाम वाया घालविणे होय. सुटे भाग जुळवून यंत्र करविणाऱ्याने व वरचेवर मदरबोर्ड बदलणाऱ्याने रिटेल घ्यावा. तो महाग पडतो, पण दुसऱ्या यंत्रापर्यंत साथ देतो. हा विचार आज अधिक निकडीचा आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. पात्र यंत्रावर खरा परवाना असल्यास विंडोज ११ ला वेगळे दाम पडत नाही. पण टीपीएम २.० ही सोय नसलेली जुनी यंत्रे अपात्र ठरतात. असे यंत्र मोडीत निघाले, की ओईएम परवानाही त्याच्याबरोबर संपतो. रिटेलवाल्याचा मात्र उरतो.

राहिली गोष्ट अगदी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या किल्ल्यांची. लहानशा दुकानातील यंत्रावर 'व्हॉल्यूम' असे उत्तर आले, तर सावध व्हावे. तो प्रकार मोठ्या संस्थांनी एकत्र घेतलेल्या परवान्यांचा आहे. किल्ली चालली म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या ६३ बी ह्या कलमान्वये संगणक-प्रणालीची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. ज्याने ती धंद्यासाठी वापरली नाही, त्याच्या बाबतीत न्यायालय कैद माफ करू शकते. व्यापाऱ्यास त्या सवलतीवर विसंबता येत नाही.

म्हणून यंत्र घेतानाच बिलावर विंडोजचे नाव, आवृत्ती व परवान्याचा प्रकार लिहवून घ्यावा, आणि ते बिल दुकानाच्या इतर दस्तऐवजांसोबत जपून ठेवावे. माल घेताना आपण पावतीखेरीज पैसे मोजीत नाही. हा तर डोळ्यांस न दिसणारा माल आहे. त्याची पावती अधिकच जपली पाहिजे.