भुईमुगाचे मनोरे आणि तेलाची पिंपे

नायजेरियातील कानो शहरी एके काळी भुईमुगाच्या दाण्यांची पोती एकावर एक रचून उभारलेले, घरांहूनही उंच मनोरे आगगाडीने लागोस बंदराकडे रवाना होण्याची वाट पाहत असत. परंतु १९५६ साली ओलोइबिरीस खनिज तेल सापडले, १९५८ पासून त्याची निर्यात सुरू झाली, आणि सत्तरच्या दशकात भाव कडाडताच सरकारी खजिना तेलाच्याच महसुलावर विसंबला व शेतमालाची उपेक्षा झाली.

क्लेशदायक गोष्ट ही की, कच्चे तेल परदेशी धाडणाऱ्या या देशाला, स्वतःचे शुद्धीकरण कारखाने नादुरुस्त पडल्यामुळे, पेट्रोल मात्र वर्षानुवर्षे परमुलखातून विकत घ्यावे लागले. २०२४ साली लागोसनजीक, दररोज साडेसहा लाख पिंपांची क्षमता असलेल्या खाजगी कारखान्यातून पेट्रोल निघू लागले; त्याचे मालक अलिको डांगोटे यांचे आजोळ म्हणजे भुईमुगाच्या व्यापारावर वैभवास चढलेले कानोचे दांताता घराणे.