अदृश्य पाण्याचे दप्तर

पावसाळा सरला की महाराष्ट्रात पाणीटंचाईचे तालुकावार अंदाज प्रसिद्ध होतात. ते ज्या आकड्यांवर उभे असतात ते आकडे येतात कोठून, याचा एकदा छडा लावावा, असे संपादकांनी सुचविले, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या एका जुन्या, मुरलेल्या कर्मचाऱ्याबरोबर ऑक्टोबरातील एका सकाळी मी पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यातील एका विहिरीच्या कठड्याशी येऊन उभा राहिलो.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. स्वतंत्र भारतात भूजलाचा पद्धतशीर शोध सुरू झाला तो १९५४ साली, केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाखाली स्थापन झालेल्या समन्वेषी कूपनलिका संघटनेच्या रूपाने. १९७० मध्ये तिचेच केंद्रीय भूजल मंडळ झाले आणि १९७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूजल शाखा त्यात विलीन झाली. नद्यांच्या पाण्याची मोजदाद करणारा केंद्रीय जल आयोग त्याहून जुना, १९४५ सालचा. त्याच्या स्थापनेमागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सल्ला होता. महाराष्ट्राने आपली स्वतंत्र भूजल यंत्रणा उभारली ती १९७०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे १९७२च्या भीषण दुष्काळाच्या आगेमागेच, आणि पुण्याच्या मुख्य कचेरीपासून जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांपर्यंत तिचा विस्तार आज पसरलेला आहे.

परंतु या कामाचे मर्म कळावयाचे तर कचेरीतून उठून विहिरीपाशीच जावे लागते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे; लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि पोटाचा भाग अभेद्य राहिला, आणि दोन थरांच्या सांध्यात कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा अडकून पडला. गाळाच्या प्रदेशात पाणी दूरवर सलग पसरलेले असते, तसे ते येथे नसते. ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत सापडेल तेथे तुटक तुटक साठते, आणि म्हणूनच एकाच बांधाच्या दोन अंगांना खोदलेल्या दोन विहिरींपैकी एकीला उन्हाळाभर पाणी राहावे आणि दुसरीने माघातच तळ दाखवावा, हा अनुभव आपल्याकडे गावोगावी येतो. अशा मुलखाची पाहणी चार-दोन ठिकाणच्या मोजमापावर होणे शक्यच नव्हते. यासाठी यंत्रणेने सारे राज्य दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागले आणि त्यांत सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी मुक्रर केल्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा त्यांतील पाण्याची पातळी मोजावयाची, असा शिरस्ता आहे.

विहीर मालकाची, मोजणी सरकारची. आम्ही पोहोचलो तेव्हा मालक वाट पाहतच होते. ‘सकाळपास्नं मोटर बंद ठेवलीया, साहेब,’ ते म्हणाले. ते ऐकून माझ्या सोबतच्या गृहस्थांच्या मुद्रेवर जे समाधान उमटले, त्याचा अर्थ मला मागाहून समजला. उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना विहिरीचे पाणी खाली ओढलेले असते. ती पातळी त्या उपशाची असते, आसपासच्या भूजलाची नव्हे, आणि तीच नोंदवहीत चढली तर भरल्या शिवारात दुष्काळ दिसू लागेल. म्हणून काल मोटर किती तास चालली, शेजारच्या विहिरीवर उपसा चालू आहे काय, हे विचारल्याखेरीज त्यांनी फितीला हात लावला नाही. मग कठड्यावरील रंगाने रेखलेल्या खुणेपाशी उभे राहून त्यांनी टोकाला वजन बांधलेली फीत आत सोडली, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज कानाने टिपला, फीत किंचित वर ओढून पुन्हा टेकविली, आणि दोन्ही वेळचा आकडा एकच आला तेव्हाच तो कागदावर उतरविला. त्यातून जमिनीपासून कठड्यावरील खुणेपर्यंतची उंची वजा केली. कठडा पुन्हा बांधला गेला, खूण हातभर वर सरकली आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर भूगर्भात काहीही न घडता कागदोपत्री पाणी हातभर खोल जाईल, हे सांगताना त्यांचा स्वर एखाद्या गंभीर अपराधाविषयी बोलावे तसा झाला होता. मला त्या काटेकोरपणाविषयी अपार आदर वाटला. फितीचे मोल नगण्य, क्रिया काही मिनिटांची. पण तीच विहीर, तीच खूण, तोच महिना हा नेम दशकानुदशके अखंड चालू राहिला, तरच पाच वर्षांच्या सरासरीशी यंदाची पातळी ताडून पाहता येते, आणि ऑक्टोबरातच सांगता येते की अमुक तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतील.

या फितीवरच्या आकड्यांतूनच पुढे पाण्याचा जमाखर्च मांडला जातो. मे महिन्याची पातळी आणि पावसाळ्यानंतरची पातळी यांतील फरक घ्यावयाचा, त्याला क्षेत्रफळाने गुणावयाचे, आणि खडकाच्या एकूण आकारमानापैकी प्रत्यक्षात किती अंश पाणी तो सोडून देतो त्या प्रमाणाने पुन्हा गुणावयाचे. झिजलेल्या बेसाल्टात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. एक चौरस किलोमीटर रानात विहिरींचे पाणी ५ मीटर चढले, तर दोन टक्क्यांच्या हिशेबाने पाऊस मागे ठेवून गेला १ लाख घनमीटर पाणी. तेच प्रमाण तीन टक्के धरले, तर साठा एकदम दीड लाख घनमीटर होतो. प्रत्यक्ष पंप-चाचण्या घेऊन हे प्रमाण ठरविण्यात भूवैज्ञानिक आपले आयुष्य का वेचतात, ते एवढ्या एका टक्क्यावरून कळावे.

नद्यांच्या पाण्याची मोजणी डोळ्यांसमोरची असते. पुलाशी पट्टी रोवलेली असते, प्रवाहाचा वेग मोजण्याचे यंत्र असते, पाण्याच्या उंचीवरून विसर्ग काढण्याची कोष्टके असतात. पण पावसाळ्यानंतर आपल्या नद्यांत जे पाणी वाहते, ते बव्हंशी दोन्ही काठांच्या भूगर्भातून झिरपून आलेले असते. विहिरींच्या दप्तरात ते जमेस धरले आणि नदीच्या दप्तरातही धरले, तर एकच पाणी दोनदा वाटले जाते. उलट विहिरींनी ते आधीच उपसून घेतले, तर नदीचे पात्र दिवाळीनंतर कोरडे पडते आणि त्याचा ठपका पावसावर ठेवला जातो. ही दोन दप्तरे निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत असावीत, हे मला फार खटकते.

खरी अडचण मात्र खर्चाच्या रकान्यात आहे. जमेचे पाणी फितीने मोजले जाते. उपशाचे पाणी जवळजवळ कोठेच मोजले जात नाही. विहिरींची संख्या, पिकांखालील क्षेत्र आणि एका विहिरीतून हंगामात सरासरी निघणारे पाणी यांच्या गुणाकाराने तो आकडा काढावा लागतो. २०२३ च्या मूल्यांकनाने देशातील वार्षिक पुनर्भरण सुमारे ४४९ अब्ज घनमीटर आणि उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर सांगितला. त्या उपशातील ८७ टक्के शेतीचा. ही सरासरी दिलासा देणारी दिसते, पण सरासरीने कोणाची तहान भागत नाही. तापीकाठी रावेर आणि यावल येथे केळीने, वरुड-मोर्शीकडे संत्र्याने भूगर्भ कसा उपसला, हे त्या आकड्यांत दिसत नाही. आणि विहिरींच्या संख्येतच खोट असेल, तर गुणाकार कितीही बिनचूक केला तरी उपयोग काय? सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, परंतु रातोरात यंत्र लावून पाडलेल्या आणि पाणी न लागल्याने शेजारीच पुन्हा पाडलेल्या विंधन विहिरींची मोजदाद तलाठ्याने करावी तरी कशी? २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे, ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शिवारात मात्र दोनशे फुटांवर पाणी न लागल्यास आणखी खाली जाण्याचीच रीत पडली आहे.

त्याचा फटका निरीक्षण विहिरीलाही बसतो. ती उथळ जलधराची साक्ष देते. खालच्या कातळातील भेगांतले पाणी, जे मुरावयास दीर्घ काळ लागतो आणि उपसावयास दोन-चार उन्हाळे पुरतात, ते तिला दिसत नाही. कोठे मालक विहीर आणखी खोल नेतो, कोठे तिच्या तळाशी आडवे-उभे बोअर घेतो, कोठे ती बुजवून वर घर उठते; मे महिन्यात विहीर कोरडी पडली, तर पाणी तळाखाली किती खोल गेले हे समजतच नाही, आणि टंचाईच्या ज्या वर्षी आकड्याची सर्वाधिक निकड, त्याच वर्षी रकाना रिता राहतो. यावर उपाय म्हणून जलविज्ञान प्रकल्पाच्या काळापासून निरीक्षणासाठी खास नळ-विहिरी खोदण्यात आल्या आणि त्यांत आपोआप पातळी नोंदविणारी यंत्रे बसविली गेली. ती रात्रंदिवस आकडे टिपतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण मोटर काल किती तास चालली, हे ती कोणाला विचारीत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर जुन्या विहिरींची साखळी तुटू दिली, तर आज सुरू झालेल्या नोंदीला मागचा आधार राहणार नाही. शेतपंपांच्या वीजवाहिन्यांवर मीटर बसवून उपशाचा खरा आकडा काढणे, गाळलेल्या निरीक्षण विहिरीच्या जागी त्याच खडकातली दुसरी विहीर लगोलग निवडणे, आणि निवृत्त होणाऱ्या मोजणीदाराबरोबर नव्या माणसाने निदान एक संपूर्ण वर्ष, चारही फेऱ्यांना, हिंडणे, एवढ्या तीन गोष्टी तरी यंत्रणेने आणि सरकारने विनाविलंब हाती घ्याव्यात, अशी माझी कळकळीची मागणी आहे.