अश्वमीन : घोड्याच्या तोंडाचा मासा

रापण किनाऱ्यास लागल्यावर मासळीच्या ढिगात कधी कधी बोटभर लांबीचा, घोड्यासारख्या तोंडाचा एक प्राणी आढळतो. खाण्याच्या उपयोगाचा नसल्याने तो वाळूत टाकला जातो अथवा शोभेसाठी वाळवून ठेवला जातो. हा मासाच नव्हे, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः कल्ले, पर आणि पाठीचा कणा असलेला हा खराखुरा मासा होय. ग्रंथांत त्यास अश्वमीन म्हणतात.

अश्वमीनाच्या सर्व जाती हिप्पोकॅम्पस या एकाच वंशात मोडतात. सुईसारखे सरळ नळीमासे हे त्यांचे कुलबंधू. दोघांचे कुल सिंग्नॅथिडी. नळीसारखे दंतहीन तोंड आणि खवल्यांऐवजी अस्थिवलयांचे चिलखत ही या कुलाची लक्षणे. अश्वमीनास जठरही नसते, त्यामुळे त्याला सतत खात राहावे लागते. त्याचे डोके धडाशी काटकोन करते. शेपटीला पर नसतो. ती चौकोनी असून समुद्रगवताला विळखा घालण्यास उपयोगी पडते. पोहण्याची भिस्त पाठीवरील इवल्याशा पराच्या वेगवान फडफडीवर असल्याने जाळे चुकविणे त्याला साधत नाही.

जाती ओळखताना रंगावर विसंबू नये, कारण तो बदलतो. अभ्यासक वलये मोजतात. भारताच्या किनाऱ्यावरील कुडा जातीच्या शेपटीवर सुमारे ३६, तर त्रिबिंदू जातीच्या शेपटीवर सुमारे ४० वलये असतात. त्रिबिंदूच्या पाठीवरील तीन काळे ठिपके गडद रंगाच्या माशात दिसतातच असे नाही. 'कुडा' हा मलय शब्द, अर्थ घोडाच!

फुगलेल्या पोटाचा अश्वमीन दिसला की लोक त्यास मादी समजतात. तो नर असतो. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत सोडते आणि पिले बाहेर पडेपर्यंत तोच त्यांना वागवितो. असा एक नर वाळूत टाकला गेला, की त्याच्याबरोबर सारी वीणच नष्ट होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ सालापासून या कुलास संरक्षण आहे. त्यांना पकडणे वा वाळवून विकणे हा गुन्हा ठरतो. जाळ्यात जिवंत सापडलेला अश्वमीन तत्काळ पाण्यात सोडावा. शिक्षकांनीही शाळेच्या संग्रहासाठी मच्छीमारांकडून नवा नमुना मागवू नये. वलये मोजण्यास चांगले छायाचित्र पुरते.