सारे पाहिले, पण ऊन कोणी पाहिले?

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की वस्तीवस्तीत सहलीची बोलणी सुरू होतात. विहाराच्या ओट्यावर कोणी बुद्धगया म्हणतो, कोणी सारनाथ म्हणतो. महिला मंडळातील भगिनी वर्षभराची भिशी मोजू लागतात. आमच्या विहारातही २०१९ साली असेच घडले. त्या वर्षी १८ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. मुलांना सुट्टी, पौर्णिमेचा मंगल दिवस आणि तथागतांना संबोधी प्राप्त झाली ती भूमी! याहून चांगली संधी कोणती, असे म्हणून आम्ही एकतीस जण निघालो.

भर दुपारी गया स्टेशनाबाहेर पडलो. तेथून बुद्धगया सुमारे १५ किलोमीटर. रिक्षात भट्टीचे दार उघडावे तसा वारा अंगावर येत होता. महाबोधी महाविहारात चपला बाहेर ठेवून गेलो, तर फरशीने मुलांचे पाय पोळले. बोधिवृक्षापर्यंत पोहोचण्याआधीच आमच्यातल्या एक आजी चक्कर येऊन पडल्या. त्या वाचल्या, पण दोन दिवस सलाईनवर होत्या. राजगृह, नालंदा सारे राहून गेले. परतीच्या गाडीत आजी म्हणाल्या, "पोरांनो, सुट्टी बघितली, पौर्णिमा बघितली, भाडं बघितलं. ऊन कुणी बघितलं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्याच महिन्यात बिहारमधील गया, नवादा व तेथील औरंगाबाद या जिल्ह्यांत उष्णतेच्या लाटेने अनेक माणसे दगावली. गया जिल्हा प्रशासनाला दुपारी उघड्यावर काम करण्यास बंदी घालावी लागली. ती बातमी वाचली तेव्हा आजींचा प्रश्न किती खरा होता हे उमगले.

देश एक, हवा अनेक

आपला देश खंडप्राय आहे. मे महिन्याच्या एकाच दिवशी गयेत पारा ४२-४३ अंशांवर असतो, लेहला रात्री गोधडी लागते, आसामात पाऊस कोसळतो आणि चेन्नईत माणूस घामाने भिजतो. उत्तरेच्या मैदानात पश्चिमेकडून तापलेल्या कोरड्या जमिनीवरून जो वारा येतो, त्याला तिकडे लू म्हणतात. विदर्भातील वाचकांना हे नव्याने सांगायला नको. मुंबईकराला मात्र घामाची सवय असते, लूची नसते. दमट हवेत घाम दिसतो, म्हणून माणूस पाणी मागतो. कोरड्या वाऱ्यात घाम अंगावरच सुकतो आणि शरीरातले पाणी गेल्याचे कळतही नाही. आमच्या आजींचे तेच झाले.

पावसाचेही तसेच. मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनला केरळात, ११ जूनला मुंबईत, तर २७ जूनच्या सुमारास दिल्लीत पोहोचतो. साऱ्या देशाला व्यापायला त्याला ८ जुलै उजाडतो. तामिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणून "सुट्टी कधी" एवढे विचारून भागत नाही. "त्या वेळी तिथे काय" हेही विचारावे लागते.

मग कधी, कुठे?

बुद्धगया, राजगृह, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी ही सारी स्थळे याच मैदानी पट्ट्यात किंवा त्याच्या काठाशी आहेत. त्यांच्यासाठी दिवाळीची सुट्टी किंवा फेब्रुवारी महिना उत्तम. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य टाळावा. तेव्हा तिकडे दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात.

मे महिन्यातच निघायचे असेल तर म्हैसूरजवळच्या बैलकुप्पे येथे जावे. तेथे तिबेटी बांधवांची मोठी वसाहत असून नामद्रोलिंग मठाचे सुवर्णमंदिर पाहण्यासारखे आहे. उंचावरचा प्रदेश असल्याने हवा सुसह्य असते. वळवाची सर येते, एवढेच. धरमशाळाही मे महिन्यात चांगली, पण जूनअखेरीपासून तेथे धो धो पाऊस लागतो आणि दरडी कोसळतात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते, म्हणून पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावीच लागते. खर्चही मोठा आहे. रोजंदारी बुडवून जाणाऱ्याने तो आधी मोजावा.

जाणे भागच असेल तर

काहींना बुद्धपौर्णिमेलाच बुद्धगयेत असायचे असते. ती श्रद्धा आम्ही समजू शकतो. त्यांनी एवढे करावे :

* गाडी सकाळी किंवा सायंकाळी पोहोचणारी निवडावी. दर्शन पहाटे घ्यावे; अकरा ते चार सावलीत राहावे.
* तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. चमचा चहाचा घ्यावा.
* कोणी बरळू लागले, अंग तापून गेले, तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.
* निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे बेत पुढे ढकला.

तिकीट वाया जाईल म्हणून लाल इशाऱ्यातही लोक निघतात. तिकिटाचे पैसे पुन्हा जमवता येतात. घरातले माणूस पुन्हा आणता येत नाही.

ऋतू पाहून चालणे धम्माला परके नाही. पावसाळ्यात भिक्खू फिरले की कोवळी रोपे व जीवजंतू तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा तथागतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. तोच वर्षावास. पहिला वर्षावास इसिपतन, म्हणजे आजच्या सारनाथला झाला. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपे आणि मग भिक्खू पुन्हा चारिकेला निघत. दिवाळीची सुट्टी त्यानंतर लगेच येते!

आमच्या विहाराने आता तेच ठरवले आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते; म्हणून पावसाळ्यातच बैठक घेऊन तारीख पक्की करायची. भिशीही त्याच हिशेबाने चालते. पहिले नाव आजींचे लिहिले आहे. गृध्रकूट चढायचा राहिला आहे ना त्यांचा!