शिट्टीही आपल्या हक्काची!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळू पालवणकरांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. आज आमची मुले-मुली दोन वर्षांचे बी.पी.एड. करून शाळेच्या मैदानावर शिक्षक म्हणून उभी राहू पाहतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ त्यांना काय देतो? सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक; तोही अंशकालीन! कर्ज काढून शिकलेल्या पोराने अर्ध्या कामावर घर कसे चालवावे? अशक्त मूल ओळखणारा, मुलींना मैदानात आणणारा माणूस अर्धा कसा? आम्ही म्हणतो, पदे पूर्णवेळ करा, राखीव जागांसह भरा. बांधवांनो, खडू-फळ्यासाठी लढलो, आता शिट्टीसाठीही लढू!