न वटलेला चेक आणि बँकेचे शुल्क : कारणे, मर्यादा व ग्राहकाचे हक्क

वाणिज्य शिकविताना वर्गात हमखास एक प्रश्न येतो. खात्यात पैसे नव्हते म्हणून बँकेने चेक परत केला, म्हणजे तिने कोणालाच काही दिले नाही. मग शुल्क कशाचे? पाठ्यपुस्तकांत चेकचे प्रकार आणि रेखांकन सविस्तर असते, या शुल्काविषयी फारसे काही नसते. नोकरी किंवा घरचा छोटा धंदा सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र या प्रश्नाचे उत्तर परीक्षेबाहेरही लागते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

चेक परत जातो तेव्हा काय घडते?

समजा, बेळगावच्या एका दुकानदाराने कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला चेक दिला. व्यापारी तो आपल्या बँकेत भरतो. बँक चेकचे चित्र काढून क्लिअरिंगमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पाठविते. ती बँक तारीख, सही, अंकी व अक्षरी रक्कम आणि शिल्लक तपासते. शिल्लक पुरेशी नसेल तर ठरलेल्या वेळेच्या आत कारणासह नकार कळवावा लागतो. मग व्यापाऱ्याच्या बँकेला जमेची नोंद झाली असल्यास ती उलटवावी लागते, रिटर्न मेमो द्यावा लागतो आणि मूळ चेक परत करावा लागतो. वटलेल्या चेकपेक्षा न वटलेल्या चेकचे काम अधिक असते, आणि ते दोन्ही बँकांत होते.

शुल्कामागील तीन कारणे

पहिले कारण या कामाचा खर्च. तो चेक नीट वटविणाऱ्या इतर खातेदारांवर टाकण्यापेक्षा ज्याच्यामुळे झाला त्याच्याकडून घ्यावा, असा बँकांचा युक्तिवाद असतो.

दुसरे कारण जबाबदारीचे. शिल्लक नसताना चेक वटविला तर ते अर्ज व तारण न घेता दिलेले कर्ज ठरते. उलट, शिल्लक असताना चेक चुकून नाकारला तर परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 31 नुसार बँकेलाच खातेदाराची नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक नकार तपासूनच द्यावा लागतो.

तिसरे कारण धाक हे होय. चेक हे पैसे देण्याचे लेखी वचन समजून लोक माल देतात. असे चेक वारंवार परत जाऊ लागले तर चेक स्वीकारायला कोणी तयार होणार नाही. शुल्काची रक्कम केवळ खर्चापुरती का नसते, हे या कारणावरून समजते.

शुल्क प्रमाणात आहे का?

पूर्वी इंडियन बँक्स असोसिएशन सेवाशुल्कांचे मापदंड ठरवीत असे. सप्टेंबर 1999 पासून ती पद्धत बंद झाली आणि प्रत्येक बँकेला संचालक मंडळाच्या मंजुरीने आपले शुल्क ठरविण्याची मुभा मिळाली. शुल्क वाजवी असावे व सेवेच्या खर्चाशी विसंगत नसावे, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. दरपत्रक शाखेत व संकेतस्थळावर लावणे बँकेला आवश्यक असते.

मधल्या काळात कामाची पद्धत बदलली. कागदाऐवजी चेकचे चित्र पाठविण्याची पद्धत फेब्रुवारी 2008 मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली. सर्व शाखांनी सप्टेंबर 2021 अखेर तीत सामील व्हावे, असा आदेश निघाला. चेकची वाहतूक संपल्यावर खर्चाचे कारण पूर्वीइतके भक्कम राहत नाही. शुल्काचा भार धाकाच्या कारणाकडे अधिक झुकतो.

त्याचा परिणाम लहान खातेदाराला अधिक जाणवतो. समजा, 4,000 रुपयांच्या चेकसाठी खात्यात 3,960 रुपये आहेत आणि शुल्क 500 रुपये आहे. तूट 40 रुपयांची, शुल्क तिच्या साडेबारा पट. काही बँका चेकच्या रकमेनुसार टप्पे ठेवतात, पण तूट किती आहे याचा हिशेब त्यातही सहसा नसतो. बँकेची बाजू समजावून सांगताना ही विषमताही विद्यार्थ्यांपुढे मांडली पाहिजे.

चूक कोणाची?

ग्राहकाची चूक असेल तेव्हाच परताव्याचे शुल्क घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. चित्र अस्पष्ट असणे किंवा बँकेच्या शिक्क्यातील उणीव अशा कारणांनी चेक परत गेला तर खातेदाराकडून शुल्क घेता येत नाही. ज्या चेकबाबत ग्राहकाने काही करण्याची गरज नाही, तो बँकेने स्वतः लगेच पुन्हा क्लिअरिंगला पाठवावा लागतो. म्हणून मेमोवरील कारण वाचणे ही पहिली सवय. शुल्क चुकीचे वाटल्यास शाखेत लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

शुल्क भरले म्हणजे सुटका नव्हे

शुल्क बँकेला मिळते. ज्याचे पैसे अडकले त्याला त्यातून काही मिळत नाही. देणे फेडण्यासाठी दिलेला चेक अपुऱ्या शिल्लकीमुळे न वटल्यास कलम 138 लागू होते. हे कलम 1 एप्रिल 1989 पासून अमलात आले. परताव्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते; नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्यास 15 दिवसांची मुदत असते; तीत पैसे न दिल्यास पुढील एका महिन्यात फिर्याद करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2015 च्या दुरुस्तीनंतर व्यापाऱ्याने चेक आपल्या खात्यात भरला असेल तर खटला त्याचे खाते असलेल्या शाखेच्या ठिकाणी चालतो. वरील उदाहरणात बेळगावच्या दुकानदाराला कोल्हापूरला जावे लागेल.

वर्गासाठी

आज चेक द्यायचा आणि उद्या खात्यात पैसे भरायचे, ही बाजारातील जुनी सवय आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठविले जातात आणि त्याच दिवशी स्वीकारले किंवा नाकारले जातात. जुनी सवय आता थेट शुल्कात आणि प्रसंगी न्यायालयात नेऊ शकते. अध्यापकांनी आपल्या परिसरातील दोन-तीन बँकांची दरपत्रके वर्गात आणून त्यांची तुलना करून घ्यावी. त्यातून विद्यार्थी चेक जपून लिहायला शिकतील आणि बँकेला हिशेब विचारण्याचा आपला हक्कही ओळखतील.